बिनतोंडाचा जीव

इसोजी हिदाकाला सगळं गाव 'तागिरीचा इसोजी' म्हणायचं, आणि त्यात कौतुक कमी, नाक मुरडणंच जास्त होतं. तागिरी म्हणजे कागोशिमाच्या खाडीतली ती जागा, जिथे पाणी तळापासून उकळल्यासारखं बुडबुडत असतं. पलीकडे साकुराजिमाचा डोंगर बारा महिने राख ओकतो, आणि त्याच्या पोटात जे मावत नाही ते असं समुद्राच्या तळातून वर येतं. वास सडक्या अंड्यांचा. तिथे जाळं टाकलं तर शिशाची वजनं काळी ठिक्कर होऊन वर येतात आणि मासळीबाजारात त्या होडीपुढे कुणी थांबत नाही. गावचे कोळी म्हणूनच तागिरीला वळसा घालून जात. इसोजी मात्र पन्नाशी उलटल्यावर नेमका तिथेच रोजगाराला लागला.

झालं असं की शहरातल्या मत्स्यालयाला तागिरीच्या तळाशी काय आहे ते बघायचं होतं. कॅमेऱ्याचं यंत्र खोल सोडायचं, तर होडी बुडबुड्यांच्या बरोबर डोक्यावर उभी धरणारा माणूस हवा. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. इसोजी हो म्हणाला, कारण त्या वर्षी मासळी नव्हती आणि घरी बसलं की नुई बोलायची. नुई म्हणजे त्याची बायको. खरं तर ही गोष्ट तिचीच आहे. तिला ती स्वतः सांगता आली नाही, हेच तिचं दुखणं.

मत्स्यालयाचा तोकोनामी होडीवर असायचा. चाळिशीचा, शिकलेला, आणि समुद्रावर राहून ज्याला समुद्र लागतो अशातला. पहिल्यांदा पडद्यावर तळ दिसला तेव्हा तो मळमळ विसरून ओरडलाच. शंभरेक मीटर खाली, जिथे उन्हाचा मागमूस नाही तिथे, पांढरट नळ्यांचे झुबके उभे होते. प्रत्येक नळीच्या टोकाला लाल तुरा.

"झाड आहे का हे?" इसोजीनं विचारलं.

"झाड नाही हो, किडा. नळीत राहणारा किडा."

"मग इथे खातो काय? चिखल?"

"गंमत तीच आहे, हिदाकासान. याला तोंडच नाही. आतडंही नाही."

शिकलेला माणूस आपली फिरकी घेतोय असं इसोजीला वाटलं. "तोंड नाही, आतडं नाही, मग जगतो कशावर? वाऱ्यावर?"

"जवळजवळ तसंच म्हणा. हा जो सडका वास येतो ना, तो वायू हा त्या लाल तुऱ्यातून ओढून घेतो. पाण्यातला प्राणवायूही घेतो. त्याच्या अंगात अब्जावधी जिवाणू राहतात, त्यांना तो हे दोन्ही पोचवतो. हे दोन वायू एकमेकांना भिडले की ऊर्जा निघते, आणि त्या ऊर्जेवर जिवाणू पाण्यात विरघळलेल्या कार्बनचं अन्न करतात. झाडं उन्हावर स्वयंपाक करतात, हे या वायूवर करतात. शास्त्रात रसायनसंश्लेषण म्हणतात त्याला. ते जे रांधतात त्यावर हा पोसतो."

"म्हणजे स्वयंपाकीण पोटातच ठेवलीय."

"हो. आणि तिला सामान आणून द्यायचं काम याचं."

"मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? मी आणतो, ती शिजवते."

"तुम्हाला तोंड आहे की."

"ते घरी नसतं," इसोजी म्हणाला, आणि दोघं होडी हलेपर्यंत हसले.

त्या भागात घरच्या पुरुषानं आधी न्हायचं आणि बायकांनी त्याच हौदात मागून, अशी रीत. इसोजी तागिरीहून आला की मात्र नुई त्याला दारातच अडवायची. "आधी मी, मग तुम्ही. नाहीतर सगळं पाणी अंड्यांचं होईल." तो बिचारा बाहेर पायरीवर चिखलाळ कपड्यांत बसून राही. शेजाऱ्यांना आयतंच सापडलं. "काय इसोजीसान, राज्य फिरलं वाटतं घरातलं?" असं जाता-येता विचारत. तो हसण्यावारी नेई. मला वाटतं त्याला ते आवडतच असावं. आतून तिचं पाणी ओतण्याचा आवाज यायचा आणि ती मोठ्यानं दिवसभरातलं सगळं सांगत असायची.

तरुणपणी इसोजीचं नाक फार तिखट होतं. धुक्यात हाताला हात दिसत नसताना तो वासावरून तागिरी ओळखून होडी वळवायचा. पण वर्षानुवर्षं तोच वायू हुंगून, तळाचा चिखल पिंपांत भरभरून मत्स्यालयात पोचवून, ते नाक बोथट होत गेलं आणि शेवटी पार मेलं. तोकोनामीनं मास्क दिला होता, तो होडीत खिळ्याला लटकत राहिला. इसोजीला त्याचं काही वाटलं नाही. उलट "तागिरी म्हणजे मला आता फुलबागच" असं सांगत सुटायचा. नुई कपाळाला हात लावायची.

"असू द्या. घरात एक नाक शाबूत आहे, तेवढं पुरे."

आणि ते पुरायचंही. मासा कधीचा आहे, भात आंबलाय का, आंबवलेल्या सोयाबीनचं, म्हणजे मिसोचं, सकाळचं सार संध्याकाळी चालेल का, सगळं नुई पातेल्यावर वाकून सांगायची. नाकामागोमाग चवही जाते. इसोजीच्या जिभेला खारट आणि गोड यापलीकडे काही कळेनासं झालं होतं. ती "आज बरं जमलंय" म्हणाली की तो बरं जमलंय असं समजून जेवायचा.

किडे मत्स्यालयाच्या टाकीत तग धरू लागले तेव्हा तो तिला ते दाखवायला घेऊन गेला. नुई ठेवणीतला किमोनो नेसून आली होती, जणू पाहुण्यांकडेच निघाली होती. टाकीपुढे ती काचेला नाक टेकेल इतकी वाकली. मग तोकोनामीला विचारलं, "याला भूक लागते का हो?"

"ते कसं सांगणार, आजी? वायू कमी पडला तर मरतो, जास्त झाला तरी मरतो. हा काही सांगत नाही. आपणच लक्ष ठेवायचं. मी रोज पाण्याला नाक लावून आधी अंदाज घेतो, मग मोजतो."

"म्हणजे मला इथे नोकरी मिळणार नाही," इसोजी म्हणाला.

नुईनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "आणि याला नको असेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्यातून जे येईल ते घ्यायचंच का यानं? नको म्हणायची काही सोय?"

तोकोनामी जरा गडबडला. "घाबरला की तुरा आत ओढून घेतो," तो म्हणाला. "तेवढंच."

"गरीब बिचारा," नुई म्हणाली.

परतीच्या फेरीबोटीवर दोघांनी उदोन घेतलं. गरम रश्शातल्या जाड शेवयांचा वाडगा हातात धरून ती खिडकीशी बसली होती. डोंगर त्या दिवशी शांत होता.

"अहो, मला असं ठेवू नका हं कधी."

"कसं?"

"त्या किड्यासारखं. चव नाही, बोलणं नाही, कुणी पुरवतंय म्हणून आपलं जिवंत. मला नाही जमायचं."

"तुझं तोंड कोण बंद करणार, बाई! डोंगराला जमलं नाही."

ती हसली नाही. "थट्टा नाही करत मी. नको म्हणजे नको." एवढं बोलून तिनं वाडगा तोंडाला लावला आणि रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

पक्षाघात आला तो त्यानंतर काही वर्षांनी, हिवाळ्यात. नुई अंगणातल्या नळाखाली मुळ्यांवरची राख धूत होती. हातातला मुळा सुटला आणि त्याच्यामागोमाग तीही खाली गेली. जीव वाचला. पण उजवं अंग गेलं, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. पाण्याचा चमचा दिला तरी ठसका लागून निळी पडायची.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी इसोजीला आणि फुमिएला खोलीत बसवलं. फुमिए त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन ओसाकाला गेलेली. डॉक्टर म्हणाले, पोटाला छोटं छिद्र करून नळी बसवता येईल, त्या वाटेनं पातळ अन्न द्यायचं. त्यावर माणूस वर्षानुवर्षं राहतं.

"आणि नाही बसवली तर?" फुमिएनं विचारलं.

"तर थोडे आठवडे. घाई नाही, विचार करा. त्यांनी स्वतः याबद्दल कधी काही बोलून ठेवलं होतं का?"

फुमिएनं बापाकडे पाहिलं. इसोजीला फेरीबोट आठवली, खिडकी आठवली, ती रस्सा पिताना तिच्या चेहऱ्यावर आलेली वाफ आठवली.

"नाही," तो म्हणाला. "असलं काही बोलली नाही ती." आणि खिशातला शिक्का काढून कागदावर जिथे दाखवलं तिथे उमटवला.

खोटं बोलला. सरळ खोटं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण आयुष्यभराचं माणूस समोर श्वास घेत असताना 'सोडून द्या' म्हणणं ज्याला जमतं त्यानंच ती ठेवावीत. इसोजीनं स्वतःची समजूत घालून घेतली होती. किडा जगतोच की, तो मनाशी म्हणायचा. तोंडावाचून, उन्हावाचून, विषारी पाण्यात उभा राहून जगतो, आणि तुराही कसा लालभडक. पुरवणारा चोख असला म्हणजे झालं. तागिरीवरचं काम त्यानं सोडलं, होडी पुतण्याला दिली आणि नुईला घरी आणलं.

पुरवायला तो चोखच निघाला. ज्यानं जन्मात चहाचा पेला विसळला नाही तो माणूस नळी धुवायला शिकला, तिला कुशीवर वळवायला शिकला, डब्यातलं पांढरं पातळ अन्न पिशवीत ओतून थेंबाथेंबानं सोडायला शिकला. रोज सकाळी ओल्या स्पंजनं तिचं तोंड पुसायचं असे. स्पंज जवळ आला की नुई ओठ घट्ट मिटून घ्यायची.

"ते आपोआप होतं, आजोबा," घरी येणारी नर्स म्हणाली. "मनात काही नसतं त्यांच्या."

इसोजीनं ते मानलं. मानणं सोयीचं होतं. तो गालाला हलकेच बोट लावून ओठ उघडायचा आणि जीभ पुसून घ्यायचा. तेवढा वेळ तिचे डोळे छताकडे असायचे.

दुसऱ्या वर्षी मे महिना आला, घरोघरी राखेच्या पाण्यात अकुमाकी शिजायला लागली. बांबूच्या सालीत बांधलेला तो चिकट भात नुई दरवर्षी गावभर वाटायची. इसोजीला वाटलं, डब्यातलं ते पांढरं पाणी पिऊन हिला कसला मे आणि कसला हिवाळा. त्यानं नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, घरचं चालेल, पण पातळ, गाळलेलं, आणि त्या त्या वेळी ताजं केलेलं. झालं. म्हातारा हुरळून गेला. रताळं उकडून घोटायचा, किबिनागो ही चांदीसारखी चिमुकली मासळी मिसोत उकळून तिचं सार गाळायचा आणि नळीत सोडताना तिला सांगायचा, "आज किबिनागो आहे बरं का. सकाळचीच आहे." महिन्याभरात नुईच्या गालावर रंग आला. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "काय टवटवीत ठेवलीय हो तुम्ही! आमचे तर पाण्याचा पेलासुद्धा देणार नाहीत." इसोजीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा तो मत्स्यालयात जाऊन आला. तोकोनामीचे केस पांढरे झाले होते. टाकीतल्या एका किड्याचा तुरा आत गेलेला होता.

"याला काय झालं?"

"कुणास ठाऊक," तोकोनामी म्हणाला. "कधी कधी नुसतेच आत ओढून बसतात. पुन्हा बाहेर काढतात, कारण दुसरं करणार काय?"

इसोजी त्या तुऱ्याच्या बाहेर येण्याची वाट बघत उभा राहिला. मग नुईची वेळ झाली म्हणून निघून आला.

ऑगस्टमध्ये वारा फिरला. उन्हाळ्यात डोंगराची राख नेमकी कुणाच्या डोक्यावर पडणार हे वाराच ठरवतो, आणि त्या दिवशी पाळी यांच्या गावाची होती. भर दुपारी दिवे लावावे लागले. लोकांनी कपडे आत घेतले, खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबली. बंद घरात जीव नकोसा करणारी धग. इसोजीनं सकाळीच सार करून ठेवलं होतं, पण छपरावर राख साठली, पन्हळ तुंबलं, शेजारच्या म्हातारीचंही अंगण झाडून राख पिवळ्या पिशव्यांत भरून द्यावी लागली. तो आत आला तेव्हा संध्याकाळ झाली होती, डोळे चुरचुरत होते आणि नुईची दुपारची वेळ टळली होती. ती उपाशी आहे एवढंच त्याला दिसत होतं.

पुन्हा सार करायला वेळ लागला असता. त्यानं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि नुई वाकायची तसा वाकला. वास आला नाही. बोटानं जिभेला लावून बघितलं, मीठ लागलं. सार स्वच्छ दिसत होतं. त्यानं जरा कोमट केलं आणि पिशवीत ओतलं.

"उशीर झाला गं," तो म्हणाला. "रागावू नकोस."

पहाटे तिला वांत्या सुरू झाल्या. अंग तव्यासारखं तापलं. रुग्णवाहिका राखेतून दिवे लावून आली.

फुमिए दुसऱ्या दिवशी ओसाकाहून थेट इस्पितळात आली आणि आईचे कपडे न्यायला बापाबरोबर घरी गेली. दार उघडताच तिनं बाही नाकाला लावली.

"बाबा, काय मेलंय घरात?"

"कुठे काय?"

"अहो, वास मारतोय! तुम्हाला येत नाही?"

ती नाक धरून स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि तसंच टाकून खिडकीकडे धावली. खिडकी उघडताच राख आत आली. तशातच ती मागे वळली. बाप चपला हातात धरून उंबऱ्यातच उभा होता.

"हे आईला नाही ना दिलंत?"

"सकाळचंच होतं," तो म्हणाला. "मी हुंगून बघितलं होतं."

 फुमिएनं पातेलं उचललं, अंगणात नेऊन ओतलं आणि नळाखाली घासायला लागली. घासून स्वच्छ झालं तरी ती घासतच होती.

नुई त्याच आठवड्यात गेली. वांती फुप्फुसात उतरली होती. डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांच्या बाबतीत हे होतंच, तुम्ही तर फार केलंत. नर्स रडली. गावातल्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा. इसोजीनं सगळ्यांपुढे वाकून वाकून आभार मानले. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. पहिल्याच घोटाला नुईनं तोंड वाकडं केलं असतं. "अहो, मारता की काय मला?" म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं, पातेलं उचलून अंगणात भिरकावलं असतं. माणसाला तोंड खायला असतं असं तो आजवर समजत होता. नकोसं बाहेर थुंकायलाही तेच लागतं, हे त्या बाईला टाकीपुढे उभ्या उभ्या कळलं होतं आणि याला ते समजायला तिचा जीव जावा लागला.

घरी तिला उत्तरेकडे डोकं करून निजवलं होतं. निरोपाचं पाणी द्यायचं होतं. फुमिएनं काडीला कापूस गुंडाळला, पेल्यातल्या पाण्यात भिजवला आणि बापाच्या हातात दिला, कारण ओठ आधी नवऱ्यानं ओले करायचे. इसोजीनं हात पुढे नेला आणि तो तिथेच थांबला.

"बाबा?"

तो ओठ मिटायची वाट बघत होता. रोज सकाळी मिटायचे तसे. ओठ मिटले नाहीत. थोडे उघडेच होते, आणि कापूस लागला तेव्हा पाणी त्यांच्यावर नुसतं थांबून राहिलं.

"नको म्हणाली होती," इसोजी म्हणाला.

"पाणी?"

"नळी. फेरीबोटीवर बोलली होती मला, फार आधी. मला असं ठेवू नका म्हणाली. नको म्हणजे नको." त्यानं काडी तशीच धरून ठेवली. "आणि नंतर रोज सकाळी सांगत होती. मी तिचे ओठ बोटानं उघडत होतो, पोरी."

फुमिएनं त्याच्या हातातली काडी काढून घेतली. कापूस पुन्हा पाण्यात बुडवला आणि बापाकडे पाठ करून आईचे ओठ ओले करू लागली.